टाकीतला काळा बोल्ट

१

टाकीतलं पाणी स्टेजवरून खाली ओघळलं, पहिल्या रांगेतल्या लोकांच्या चपला भिजल्या, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. कोंडिबानं कुऱ्हाडीनं काच फोडली हा खेळाचाच भाग असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. शिट्ट्या वाजत होत्या. फक्त विंगेत पडद्याला धरून उभ्या असलेल्या सुवर्णाला कळलं होतं की खेळात असं काही नाही. टाकीची काच कधीच फुटत नसते.

जादूगार हौसराव ओल्या फळ्यांवर कुशीवर पडले होते. अंगावरचा पांढरा सदरा चिकटलेला, डोळे अर्धे उघडे. कोंडिबानं त्यांना उताणं केलं, छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. मग तो थांबला आणि त्यानं सत्यजीतकडं बघून मान हलवली. साउंडच्या टेबलापाशी उभ्या सत्यजीतनं माइक खाली ठेवला, तो इतका जोरात आपटला की शिरूरचं अख्खं मंगल कार्यालय गप्प झालं.

शिरूर-दौंड भागात हौसरावांना ओळखत नाही असं गाव नव्हतं. शाळा, गणपती, उरूस, पतसंस्थांचे वाढदिवस, सगळीकडं त्यांचा टेम्पो जायचा. कबुतरं, रुमाल, कापलेली बाई, आणि सगळ्यात शेवटी पाण्याची टाकी. माणसाला बेड्या घालून काचेच्या टाकीत सोडायचं, वरून लोखंडी झाकण लावायचं, प्रेक्षकांतल्या कुणाकडून तरी कुलपं ठोकून घ्यायची, भोवती पडदा ओढायचा. गाणं संपलं की माणूस पडद्याबाहेर. कुलपं जशीच्या तशी.

आज मात्र टाकीत सुवर्णा उतरणार होती. पोस्टरवर पहिल्यांदाच हौसरावांच्या, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांच्या, नावाखाली तिचं नाव छापलं होतं. ती वरवंडच्या शेवंतीवाल्यांची पोर. सासर सुटल्यावर भावाच्या घरी राहायचं नव्हतं म्हणून हौसरावांच्या पार्टीत आली, आणि त्यांनी तिला पोटच्या मुलीसारखं शिकवलं. दौंडच्या घरामागच्या अंगणात तिनं टाकीचा सराव केला होता. जमलंही होतं. पण पाण्याची भीती तिच्या अंगातून गेली नव्हती, आणि ते पार्टीत सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी हौसरावांची बायको अनसाबाई तिची वेणी घालत असताना हळूच म्हणाली होती, "आत भ्या वाटलं तर लगी काच वाजव. लाज धरू नको. कोंडिबा कुऱ्हाड घेऊन हुभाच असतो."

सुवर्णाला ते ऐकून बरं वाटलं होतं. पण शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघे हलेनात. खाली प्रेक्षक, समोर हिरवं पाणी. हौसरावांनी तिच्याकडं एकदा पाहिलं, प्रेक्षकांकडं बघून हसले, कोट काढून तिच्या हातात दिला आणि स्वतःच शिडी चढले. जाता जाता तिच्या कानाशी म्हणाले, "असू दे पोरी. फुडच्या येळी."

सत्यजीतनं माइकवरून जाहीर केलं, आज खुद्द जादूगार हौसराव. गाणं सुरू झालं. गाणं संपलं. पडदा हलला नाही. आप्पा नेहमीच थोडं ताणायचे, म्हणून कुणी काही केलं नाही. काच वाजली नव्हती. मग मात्र कोंडिबानं पडदा ओढला.

आता मागच्या खोलीचं दार उघडलं आणि अनसाबाई धावत आली. कबुतरांना गाण्याचा त्रास होतो म्हणून ती टाकीच्या वेळेस कुलर लावून, दार बंद करून त्यांच्याजवळ बसायची. स्टेजवर येताच ती थबकली. तिनं आधी सुवर्णाकडं पाहिलं. कोरड्या, निळ्या टिकल्यांच्या ड्रेसमधल्या, आप्पांचा कोट छातीशी धरलेल्या सुवर्णाकडं. भूत बघावं तसं. मग तिची नजर खाली गेली, आणि ती जिथं होती तिथंच बसली.

कोंडिबा टाकीच्या झाकणाशी वाकला होता. मागच्या बिजागरीवरून त्यानं हात फिरवला आणि तो हात जागच्या जागी थांबला. सुवर्णा जवळ गेली.

"सुवर्णा," तो कुजबुजला, "बोल्ट खरा हाय."

२

टाकीचं गुपित बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ आप्पांनी प्रत्येकाला घातली होती. फौजदार भाग्यश्री नवले यांनी कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत सगळ्यांना बसवून पहिला प्रश्न विचारला तेव्हा म्हणूनच कुणी तोंड उघडेना. भाग्यश्री मॅडम हळू बोलायच्या. उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायच्या, आणि मधल्या शांततेला अजिबात घाबरायच्या नाहीत.

शेवटी सुवर्णानंच सांगितलं. झाकणाला पुढं कुलपं असतात, ती खरी. मागं बिजागरी असते, तिचा एक बोल्ट खोटा. बाहेरून पक्का दिसतो, पण आतून बोटानं ढकलला की निसटतो. झाकण मागून उचलायचं, बाहेर यायचं, बोल्ट परत बसवायचा.

"आणि आज?"

"आज कुणीतरी खोटा काढून खरा बसवला," कोंडिबा म्हणाला. "मागनं नट लावून. आतनं काय केलं तरी हलणार न्हाई."

मॅडमनी रुमालातून तो बोल्ट काढून टेबलावर ठेवला. जुना, काळ्या रंगाचा, जागोजाग पोपडे उडालेला. बोटाला पातळ तेल लागत होतं.

"ह्यो माझा न्हाई," कोंडिबा म्हणाला. तो पार्टीचा सुतार, लोहार आणि ड्रायव्हर. "माझे समदे पांढरे, नवे. आन् हत्यारांच्या पेटीला कुलूप असतं. चावी माझ्या करदोट्याला."

"म्हणजे ज्यानं हे केलं त्याला तुमच्या पेटीतला बोल्ट मिळाला नाही. त्यानं दुसरीकडून आणला."

"व्हय."

आप्पांनी सकाळी स्वतः झाकण तपासलं होतं, सुवर्णानं पाहिलं होतं. म्हणजे बोल्ट बदलला गेला तो जेवणानंतर, खेळाच्या आधी. तेव्हा हॉलचं दार आतून लावलेलं होतं. आत फक्त पार्टीतली माणसं. आप्पा पुढाऱ्यांकडं पाया पडायला गेले होते. कोंडिबा बाजूच्या दारापाशी लावलेल्या टेम्पोत झोपला होता. सत्यजीत स्पीकरच्या वायरी लावत आत-बाहेर करत होता. अनसाबाई हॉलच्या कोपऱ्यात मशीनवर सुवर्णाचा ड्रेस कमरेत आत घेत बसली होती. सुवर्णा स्वतः मागच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"तुमच्यापैकी टाकीचं गुपित कुणाला माहीत नाही?"

सगळ्यांनाच माहीत होतं. अनसाबाई लग्नानंतर कितीतरी वर्षं स्वतः त्या टाकीत उतरली होती.

मग मॅडमनी एकेकाला वेगळं बोलावलं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं बाहेर बाकावर बसलेल्या सुवर्णाला अधूनमधून ऐकू येत होतं. सत्यजीत आप्पांचा पुतण्या. त्याचा आवाज चढला होता. "व्हय, भांडलो व्हतो. पोस्टरवर माझं नाव न्हाई, तिचं. मी लहानपणापासनं हितं हाय. पण म्हणून मी काकांना मारीन? त्यांनी मला वाढवलंय, मॅडम."

"पार्टी बंद होणार होती असं ऐकलं."

"काकू कवापासनं मागं लागली व्हती, गुडघं गेलं, आता थांबा, दौंडला घरी बसू. काकांनी कबूल पण केलं व्हतं. पण सुवर्णा तयार झाली, आन् म्हनले, आता पोरगी हाय, अजून धा वर्षं फिरू."

कोंडिबाला त्यांनी कुऱ्हाडीबद्दल विचारलं. "आप्पांचा हुकूम व्हता. काच वाजल्याबिगर फोडायची न्हाई. मी वाट बघत राहिलो. त्यांनी वाजवलीच न्हाई."

अनसाबाईचा आवाज आलाच नाही. ती आत गेली आणि बाहेर आली, आणि बाहेर येताना सुवर्णाच्या शेजारून तिच्याकडं न बघता गेली.

शेवटी सुवर्णा. मॅडमनी तिला पाणी दिलं. तिनं ग्लास हातात घेतला, पण पाण्याकडं बघून तिला ते पिववेना.

"आप्पांशी कुणाचं वैर होतं, हे मी सगळ्यांना विचारलं," मॅडम म्हणाल्या. "पण बहुतेक माझा प्रश्नच चुकला. मला एक सांग. बोल्ट बदलला गेला तेव्हा, टाकीत कोण उतरणार होतं?"

सुवर्णानं ग्लास खाली ठेवला. तो ठेवताना टेबलावर पाणी सांडलं.

"आप्पा उतरणार आहेत हे शिडीपाशी जाईपर्यंत खुद्द आप्पांनाही माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "त्या बोल्टावर नाव तुझं होतं."

३

आप्पांना दौंडलाच नेलं. रेल्वेच्या कॉलनीपलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दिवसकार्य होईपर्यंत सगळे तिथंच थांबले. टाकी शिरूरला ठाण्यात राहिली. बाकीचं सामान टेम्पोतून उतरवून घरात, पडवीत, जिथं जागा मिळेल तिथं रचलं.

सुवर्णाचा भाऊ माऊली तिला न्यायला येणार होता, पण शेवंतीची तोडणी चालू होती. तोवर तिला त्या घरात राहायचं होतं. तिथल्या प्रत्येकाच्या हातचं ती इतकी वर्षं जेवली होती. आता चहाचा कप समोर आला की ती आधी बघायची, दुसऱ्या कुणी घोट घेतलाय का. न्हाणीघराला आतून कडी लावली तरी बादलीत हात घालताना मागं वळून बघायची. पाण्याच्या टाकीवरून मोटारीचा आवाज आला तरी तिच्या पाठीतून कळ जायची.

सत्यजीत एकदा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"तू उतरायची व्हतीस," तो म्हणाला. "तुझी पाळी व्हती."

तो दारात उभा होता, आणि बाहेर जायला दुसरा रस्ता नव्हता. थोड्या वेळानं तोच भिंतीला टेकला आणि रडायला लागला. ती त्याच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडली आणि थेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेली. दुकानात माणसं होती म्हणून तिथं उभी राहिली. काही घ्यायचं नव्हतं, तरी बिस्किटाचा पुडा घेतला.

परत आली तेव्हा कोंडिबा टेम्पोच्या पायरीवर बसला होता. कुऱ्हाड त्याच्या बाजूला होती. त्यानं तिला हाक मारली. ती लांबूनच थांबली.

"माझ्यावर पण वहीम हाय ना तुझा?" तो म्हणाला. "ठेव. मी आसतो तर मी पण ठेवला आसता." मग कुऱ्हाडीकडं बोट दाखवून म्हणाला, "मॅडम हिच्याबद्दलच सारखं इचारत्यात. हिला कोण हात लावत व्हतं, कुठं अडकवलेली व्हती. मी सांगितलं, दिवसभर टाकीच्या शेजारी खिळ्याला. तिथनं कुणी हलवली न्हाई."

घरात फक्त अनसाबाईच सुवर्णाशी मायेनं बोलायची. स्वतः जेवत नव्हती, पण हिला पुढ्यात बसवून वाढायची. पुन्हा पुन्हा म्हणायची, "तू वरवंडला जा. शेवंती तोड, भावाकडं राहा. ह्या धंद्यात पडू नको. बाईला ह्यात काय बी न्हाई, नुसता रस्ता." आणि सुवर्णाला तेवढा वेळ तरी धीर यायचा.

एके दिवशी दुपारी घरात त्या दोघीच होत्या. सत्यजीत आणि कोंडिबा दिवसकार्याचं सामान आणायला बाजारात गेले होते. अनसाबाई पुढच्या खोलीत पायमशीनवर बसली होती. कसली तरी उशीची खोळ शिवत होती. हाताला चाळा हवा म्हणून. हे मशीन तीस वर्षं टेम्पोतून फिरलं होतं. पार्टीचे सगळे कपडे त्याच्यावर शिवलेले. पण आज ते नीट चालत नव्हतं. पॅडल मारलं की लोखंडी स्टँड खडखडायचा, अख्खं मशीन डुलायचं.

सुवर्णा आतल्या खोलीत होती. तिचा फोन वाजला. भाग्यश्री मॅडम.

"मी न्हावऱ्यावरून पुढं निघालेय, चौफुल्याच्या अलीकडं आहे," त्या म्हणाल्या. "तासाभरात पोचते. तोवर तुला एक विचारायचंय. घरात कोण आहे?"

"काकू. फक्त काकू."

पलीकडं मॅडमनी ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

"सुवर्णा, नीट ऐक. मध्ये बोलू नकोस. ज्यानं बोल्ट बदलला, तो टाकीपाशी एकटा होता. हाताशी कुऱ्हाड होती. आतला माणूस मरावा अशी इच्छा असती तर त्यानं आधी कुऱ्हाड गायब केली असती. ती त्यानं तशीच राहू दिली. म्हणजे त्याला कुणाला मारायचं नव्हतं. घाबरवायचं होतं. जो माणूस आत गेल्या गेल्या काच वाजवेल, अशा माणसाला."

खडखड चालू होती.

"दुसरं. सत्यजीतनं माइकवरून स्वतः सांगितलं की आप्पा उतरतायत. कोंडिबानं समोर उभं राहून बघितलं. यांच्यातल्या कुणी बोल्ट बदलला असता आणि त्याला कुणाचा जीव घ्यायचा नसता, तर त्यानं तेव्हाच ओरडून थांबवलं असतं. भरल्या प्रेक्षकांसमोर हार मानून आप्पा कधी काच वाजवणारे नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे हे करणाऱ्याला माहीतच नव्हतं की आत आप्पा गेलेत. मला सांग, त्या वेळी कुणाला स्टेज दिसत नव्हतं? कुणाला माइक ऐकू येत नव्हता?"

सुवर्णाला कुलरचा आवाज आठवला. बंद दार आठवलं. वेणीत फिरणारी बोटं आठवली, आणि कानाशी आलेला तो हळू आवाज. भ्या वाटलं तर लगी काच वाजव. मग तिला स्टेजवरची ती नजर आठवली. अनसाबाईनं तिला कोरडं बघितलं होतं, आणि म्हणून ती घाबरली होती.

"सुवर्णा? ऐकतेस ना?"

पुढच्या खोलीतली खडखड थांबली होती.

४

"कुणाचा फोन?"

अनसाबाई दारात उभी होती. हातात कापड कापायची मोठी कात्री, तशीच, मशीनवरून उठताना राहिलेली. फोन सुवर्णाच्या हातात चालूच होता. ती तो कानापासून खाली घ्यायला विसरली होती.

"माऊलीचा," ती म्हणाली.

अनसाबाई तिच्याकडं बघत राहिली. सुवर्णाची नजर आपोआप तिच्या खांद्यावरून पुढच्या खोलीत गेली. मशीनच्या काळ्या स्टँडचे दोन पाय जोडणारी आडवी पट्टी एका बाजूला लोंबत होती. जिथं ती पायाला जोडलेली असायची, तिथं रिकामं भोक होतं. भोकाभोवतीचा काळा रंग गोल, ताजा निघालेला.

आपण कुठं बघतोय हे लपवायला तिला उशीर झाला. अनसाबाईनं मागं वळून पाहिलं, मग परत तिच्याकडं. मग तिनं दार पुढं लोटलं आणि आतून कडी घातली.

सुवर्णा भिंतीला लागली. खोलीला एकच खिडकी, तिला गज. तिला एकदम वाटलं, आप्पांना आत असंच वाटलं असेल. हात पुढं करायचा आणि बोल्ट हलत नाही.

"बस," अनसाबाई म्हणाली. "बस खाली. मी तुला काय करणार हाय?"

पण कात्री तिच्या हातातच होती. सुवर्णा खाली बसली. अनसाबाई तिच्यासमोर, दाराला पाठ लावून बसली. बराच वेळ ती कात्रीच्या पात्याकडं बघत होती.

"लग्न झालं आन् दुसऱ्या आठवड्यात टेम्पोत बसले," ती म्हणाली. "तवापासनं उतरलेच न्हाई. ह्या घरात मी सलग महिनाभर कवा झोपले न्हाई. पोरं झाली न्हाईत, तर हे म्हनले, बरं झालं, फिरता येतं. मी बी बरं झालं म्हनले. यंदा थांबतो म्हनले व्हते. देवापुढं म्हनले व्हते. आन् तू टाकीत उतराया शिकलीस."

सुवर्णानं फोन मांडीवर पालथा ठेवला, बंद केला नाही.

"मला वाटलं, तू भित्री हायस. पान्यात गेली का बोल्ट हलायचा न्हाई, तू लगी काच वाजवशील. कोंडिबा फोडील. पान्यानं भिजशील, रडशील, दुसऱ्या दिशी वरवंडला जाशील. मग हे कुणाला घेऊन फिरणार? येवढंच. तुला सांगितलं बी व्हतं सकाळी. धा बारी मनात घोकून सांगितलं, काच वाजव." तिचा आवाज बारीक झाला. "त्ये उतरत्यात हे मला कुणी सांगाया पायजे व्हतं. त्यांनी कवाच काच वाजवली नसती. मला ठाव हाय ना. आतल्या आत बोटं सोलून घेतली, पन काच न्हाई वाजवली."

सुवर्णानं शिरूरला आप्पांची बोटं पाहिली होती. ते कुणाला सांगायची तिला हिंमत झाली नव्हती.

"तू आत आसतीस तर तू जगली आसतीस," अनसाबाई म्हणाली. "त्ये बी. आम्ही समदीच."

तिनं कात्री उचलली. सुवर्णानं डोळे मिटले. मग फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि काहीतरी गार तिच्या पायाला लागलं. डोळे उघडले तर कात्री तिच्या पायाशी होती. अनसाबाईनं ती तिच्याकडं सरकवली होती.

"घे. धर ती. म्हंजी तुला भ्या वाटायचं न्हाई." मग तिनं विचारलं, "फोनवर मॅडमच हायत ना?"

सुवर्णानं मानेनंच होय म्हटलं. फोन अजून चालू होता. त्यातून मॅडमचा लहानसा आवाज येत होता, सुवर्णा, सुवर्णा, असा.

"येऊ देत," अनसाबाई म्हणाली. "पन त्या येईस्तोवर तू हितनं जाऊ नको. मला येकटीला बसायचं भ्या वाटतं."

सुवर्णानं कात्री घेतली आणि ट्रंकेमागं टाकली. कडी काढून दार उघडलं. बाहेर पडायला वाट मोकळी होती. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथं, अर्धी आत अर्धी बाहेर अशी, बसली. गाडी येईपर्यंत ती तिथून उठली नाही.

५

जबाब द्यायला तिला शिरूरला बोलावलं. काळा बोल्ट मशीनच्या भोकात तंतोतंत बसला होता. नट मशीनच्याच पान्यानं आवळला होता. अनसाबाईनं गुन्हा कबूल केला होता, पण ती एवढंच म्हणाली होती, मी केलं. का केलं, काय वाटलं होतं, ते तिनं पोलिसांना सांगितलं नाही.

"डॉक्टर म्हणाले," भाग्यश्री मॅडम सुवर्णाला सांगत होत्या, "खूप वेळ श्वास धरायची सवय असलेला माणूस पाण्यात एकाएकी बेशुद्ध होतो. त्याला अजून दम आहे असं वाटत असतं, आणि तेवढ्यात दिवा विझतो. काच वाजवायची असती तरी कदाचित सवड मिळाली नसती."

सुवर्णानं ऐकून घेतलं.

"आता कोर्टात हा प्रश्न येणार. तिला तुझा जीव घ्यायचा होता की फक्त घाबरवायचं होतं. त्यानं फार फरक पडतो. फोनवर मला सगळं स्पष्ट ऐकू आलं नाही. मी कुऱ्हाडीवरून अंदाज केला, पण अंदाज म्हणजे पुरावा नाही. तुला काय माहीत आहे?"

सत्यजीत बाहेर टेम्पोत बसला होता. येताना रस्ताभर तो म्हणत होता, फाशी व्हायला पाहिजे तिला. माऊली म्हणाला होता, तू गप्प राहा, तुझ्या जिवावर उठली होती ती. आणि सुवर्णाला अजून झोप लागत नव्हती. डोळा लागला की नाकातोंडात पाणी जायचं. गप्प बसणं अगदी सोपं होतं. वेणी घालताना खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"तिनं मला सकाळी सांगितलं व्हतं," सुवर्णा म्हणाली. "भ्या वाटलं तर लगी काच वाजव म्हणून. कोंडिबा हुभा आसतो म्हणून. हे घ्या लिहून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे तू सांगितलं नाहीस तर कुणाला कळणार नाही."

"म्हणून तर सांगते."

त्या जबाबामुळं कलम बदललं. अनसाबाईला शिक्षा झाली, पण जन्मठेप झाली नाही. सत्यजीत वर्षभर सुवर्णाशी बोलला नाही. कोंडिबानं टेम्पो पुण्याला भाजी न्यायला लावला. सुवर्णा काही महिने वरवंडला भावाच्या मळ्यात राहिली, मग शाळांमधून लहान खेळ करायला लागली. रुमाल, दोऱ्या, नाणी. टाकीचा खेळ पुन्हा केला नाही. तिच्या पोस्टरवर आता एकच नाव असतं, तिचं, आणि ते बघून तिला दर वेळी थोडं दचकायला होतं.

येरवड्याला अनसाबाईला भेटायला ती पहिल्यांदा गेली तेव्हा काय बोलायचं ते तिनं बसमध्ये ठरवलं होतं, पण जाळीपाशी पोचल्यावर त्यातलं काही आठवेना. अनसाबाई वाळली होती. केस पार पांढरे झाले होते.

"खेळ करतीस म्हनं," अनसाबाई म्हणाली.

"करते थोडं."

"अजून भ्या वाटतं का तुला?"

सुवर्णाला खोटं बोलावंसं वाटलं. पण तिनं खरं तेच सांगितलं.

"रोज. स्टेजवर पाय ठेवला का पहिलं तेच."

अनसाबाईनं मान डोलावली. तिच्या तोंडावरचा ताण सैल झाला.

"मग तुझी काळजी न्हाई," ती म्हणाली.